अडीच तास आणि एक मिनिट

सुट्टी लागली की आमच्या इमारतीच्या जिन्यात पोरे बसतात आणि भांडतात. विषय बहुधा एकच असतो. हल्क आणि थिंग यांच्यात जास्त ताकदवान कोण? एक हिरवागार, रागावला की फुगणारा. दुसरा विटकरी दगडाचा. या दोघांची गाठ अमेरिकेतल्या कॉमिक्समध्ये १९६३ साली पहिल्यांदा पडली. त्यानंतर त्यांनी किती इमारती पाडल्या, किती पूल मोडले याचा हिशेब नाही, पण कायमचा निकाल काही लागलेला नाही. तो लागणारही नाही. निकाल लागला तर पुढचा अंक कोण विकत घेईल? हे साधे व्यापारी सत्य पोरांना सांगून उपयोग नसतो.

आम्हीही यात काही मागे नव्हतो. नागपुरात इंद्रजाल कॉमिक्सचा नवा अंक हाती पडला की वेताळ आणि दारासिंग यांची कुस्ती लागली तर काय होईल यावर आमचे तासन्‌तास जात. आमच्या वडिलांच्या पिढीला कॉमिक्सची गरजच नव्हती. त्यांच्यापाशी भीम आणि जरासंध होते, भीम आणि कीचक होते. चिखलदऱ्याला गेलेला प्रत्येक वऱ्हाडी माणूस ती खोल दरी पाहून येतो आणि भीमाने कीचकाला तिथेच लोटले असे घरी येऊन सांगतो. दोन अचाट ताकदीची माणसे समोरासमोर उभी करून पाहायची हौस माणसाला फार जुनी आहे.

पण अशी गाठ खरोखरच्या दोन माणसांत पडली तर ती कशी दिसते? कागदावर दिसते तशी ती मुळीच दिसत नाही. गामा पहिलवानाचे आयुष्य त्यासाठी पाहायला हवे.

गामा हे नाव आपल्याकडे आता माणसाचे राहिलेलेच नाही. अंगापिंडाने भक्कम पोराला गामा म्हणतात, उगाच छाती काढून चालणाऱ्यालाही गामा म्हणतात. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्याचे खरे नाव गुलाम मोहम्मद बक्ष. घराणे मूळचे काश्मिरी, पुढे पंजाबात स्थिरावलेले. जन्म १८७८ च्या सुमाराचा. अमृतसरजवळच्या एका खेड्याचे नाव जन्मस्थान म्हणून घेतले जाते, तर दतियाची माणसे त्याला आपला मानतात. दतिया म्हणजे झाशीजवळचे छोटेसे बुंदेला संस्थान. गामाचे वडील अझीझ बक्ष तिथल्या दरबारचे मल्ल होते. पोर पाच-सहा वर्षांचे असताना ते वारले. मग आजोबांनी आणि नंतर मामाने, म्हणजे इदा पहिलवानाने, त्याला तालमीत वाढवले. बापाचा गुण पोरात उतरला आहे की नाही, हे पाहणे हाच त्या घरातला शोक करण्याचा मार्ग असावा.

दहा वर्षांचा असताना जोधपूरला बैठकांची स्पर्धा झाली. देशभरातले चारशेवर मल्ल आले होते. एकेक जण थकून बाहेर पडत गेला आणि शेवटच्या पंधरा जणांत हे दहा वर्षांचे पोर उरले. महाराजांनी कौतुक केले आणि दतियाच्या राजाने त्याला आपल्या पदरी घेतले. पुढे तो रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढी, असे सांगितले जाते. नोकरीत असताना आकडा पाहिला की तो पडताळून पाहायची मला सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मिनिटाला वीस बैठका धरल्या तर पाच हजारांना चार तास दहा मिनिटे लागतात. मिनिटाला पंधरा जोर धरले तर तीन हजारांना आणखी तीन तास वीस मिनिटे. म्हणजे साडेसात तास झाले, आणि अजून मातीत उतरून प्रत्यक्ष कुस्ती व्हायचीच आहे. अशक्य नाही, पण मग दिवसात दुसरे काहीच करता येत नाही. खाणे, झोपणे आणि मेहनत. दूध, तूप, बदाम, कोंबड्या यांचे जे आकडे सांगतात ते जरा हात राखून घेतले तरी एवढे नक्की की हा खुराक कोणाही गरिबाच्या घरात परवडणारा नव्हता. त्यासाठी राजाची तिजोरी लागे. या माणसाची ताकद दुसऱ्याच्या खर्चाने उभी राहिलेली होती, आणि पुढे सगळी गोष्ट फिरली ती इथेच.

त्या काळी असा खर्च करणारे राजे पुष्कळ होते आणि त्यात आपली मराठी संस्थाने आघाडीवर होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांचे राज्य होते आणि जुम्मादादा व माणिकराव या गुरुशिष्यांच्या आखाड्याचा तिथे दबदबा होता. एक मुसलमान वस्ताद आणि त्याचा मराठी चेला, आणि त्यात कोणाला काही वेगळे वाटत नसे. याच बडोद्यात १९०२ साली गामाने एक प्रचंड दगड उचलला. तो दगड बडोद्याच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. त्याचे वजन बाराशे किलो सांगतात. आता २०१६ साली एडी हॉल या इंग्रज पठ्ठ्याने जमिनीवरून पाचशे किलोची दांडी उचलली तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आले होते. त्यामुळे बाराशे किलोचा दगड गामाने पूर्ण उचलून चालत नेला यावर माझा विश्वास बसत नाही. कडेने हलवला असेल, जमिनीपासून थोडा सोडवला असेल. तेवढेही कोणा साध्या माणसाचे काम नाही. दंतकथेला सूट दिली तरी शिल्लक भरपूर उरते.

गामाचा हिंदुस्थानातला मोठा प्रतिस्पर्धी होता रहीम बक्ष सुलतानीवाला. गुजरानवाल्याचा, तोही काश्मिरी घराण्यातला. उंची सात फुटांच्या आसपास. गामा पाच फूट सात-आठ इंच. १८९५ च्या सुमाराला या दोघांची पहिली कुस्ती झाली तेव्हा गामा सतरा वर्षांचा होता आणि रहीम नामांकित. तरुण पोराला तो सहज घेईल अशी सर्वांची अटकळ होती. पण कुस्ती लांबत गेली आणि बरोबरीत सोडवावी लागली. सतरा वर्षांच्या मल्लाला ती बरोबरी विजयाइतकीच मोलाची ठरली. त्यानंतरही दोघे भेटले आणि निकाल लागला नाही. निकाली कुस्तीचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि मधल्या काळात गामाने बाकीचे नाव घेण्यासारखे मल्ल एकेक करून चीत केले.

१९१० साली शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाने पैसे घातले आणि गामा, त्याचा धाकटा भाऊ इमाम बक्ष आणि आणखी दोन मल्ल विलायतेला गेले. ते वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वंगभंगाला पाच वर्षे झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि जुलैत त्यांनी मार्सेलिसच्या बंदरात उडी घेतली. हिंदी माणूस दुबळा असतो हे साहेबाच्या राज्याचे एक गृहीतकृत्य होते, आणि ते खोटे ठरवायला कोणी पिस्तूल घेऊन निघाले होते तर कोणी लंगोट घेऊन. गामाला राजकारण कितपत कळत होते कोण जाणे. मित्रबाबूंना ते कळत असणार.

लंडनमध्ये बुटक्या गामाकडे प्रथम कोणी लक्ष दिले नाही. मग त्याने आव्हान लावले : कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना मी अर्ध्या तासात पाडतो. लोकांना ही बढाई वाटली. बेंजामिन रोलर हा अमेरिकन मल्ल पुढे आला. तो पेशाने डॉक्टर होता आणि अंगाने गामापेक्षा बराच मोठा. ऑगस्टमध्ये अलहाम्ब्रा नाट्यगृहाच्या रंगमंचावर गामाने त्याला पहिल्यांदा पावणेदोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा नऊ-दहा मिनिटांत पाठीवर टाकले. इमाम बक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमचा फडशा पाडला. आता लंडनची वर्तमानपत्रे जागी झाली आणि ‘जॉन बुल’ साप्ताहिकाच्या पट्ट्यासाठी गामासमोर उभा राहिला स्टॅनिस्लॉस झिबिस्को.

हा झिबिस्को पोलंडचा. वयाने जवळजवळ गामाएवढाच, वजनाने पन्नासेक पौंड जास्त. मान, खांदे आणि दंड एकाच ठोकळ्यातून कोरल्यासारखे. पण नुसता आडदांड म्हणून त्याला बाजूला सारता येत नाही. शिकलेला, अनेक भाषा जाणणारा, डोके चालवणारा गडी. त्याची एक जखम ताजी होती. तीन महिन्यांपूर्वीच, १ जून रोजी, शिकागोत त्याची फ्रँक गॉच या अमेरिकन विजेत्याशी कुस्ती झाली. सुरुवातीला झिबिस्कोने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि गॉचने त्याच क्षणी त्याचे पाय खेचून त्याला सहा-सात सेकंदांत चीत केले. तक्रार झाली, पण निकाल फिरला नाही. हा प्रसंग पोटात घेऊन झिबिस्को लंडनला उतरला होता.

१० सप्टेंबर १९१०. शेफर्ड्स बुशमधले व्हाइट सिटी मैदान. दोन वर्षांपूर्वी इथेच ऑलिंपिक सामने झाले होते. बक्षीस अडीचशे पौंड आणि पट्टा. सलामी झाली आणि पहिल्या मिनिटाच्या आतच गामाने झिबिस्कोला खाली घेतले. प्रेक्षकांना वाटले, रोलरची गत याचीही होणार.

पण खाली गेलेला झिबिस्को उठलाच नाही. तो पालथा पडला, हातपाय पसरून गादीला चिकटला आणि तसाच राहिला. कुस्तीचा कायदा असा की दोन्ही खांदे टेकल्याशिवाय हार नाही. पालथा मल्ल पडलेला असतो, हरलेला नसतो. आपल्या मातीतही हेच चालते. भुईला धरून बसलेल्या मल्लाला उलटा करणे हे भल्याभल्यांना घाम फोडणारे काम आहे, आणि त्यातून तो अडीचशे पौंडांचा आणि मानेने बैल असेल तर विचारूच नका. गामा वरून रेटत होता, हाताखालून हात घालून त्याची मान मुरगाळू पाहत होता, कमरेला कब्जा घालून फिरवू पाहत होता. झिबिस्को दर वेळी पुन्हा सपाट होई. मधूनमधून तो उभा राही, गामा त्याला पुन्हा खाली घेई, की पुन्हा तेच. अर्धा तास गेला, एक तास गेला, दोन तास गेले. हजारो प्रेक्षकांनी पैसे मोजून जे पाहिले ते असे होते : एक माणूस पालथा पडलेला आणि दुसरा त्याच्यावर ओणवा होऊन झटतो आहे. हुर्यो उडवून झाली, शिट्ट्या झाल्या, काही लोक कंटाळून उठले. दोन तास पस्तीस मिनिटांनी, अंधार पडू लागला तेव्हा, कुस्ती थांबवली.

कॉमिक्सवाल्याला यातून एक पान काढता येणार नाही. पण मला विचाराल तर दोन महाबली एकमेकांना खरोखर भिडले म्हणजे असेच होते. दोघांपैकी एकाला कळून चुकते की समोरचा आपल्यापेक्षा सरस आहे, आणि मग तो जिंकायचे सोडून न हरण्याच्या मागे लागतो. इंग्रजी वर्तमानपत्रांनी झिबिस्कोला भेकड ठरवले. मला तो भेकड वाटत नाही. शिकागोत उभा राहून तो सहा सेकंदांत गेला होता. लंडनला आडवा राहून तो अडीच तास टिकला. कुस्ती बघायला गेलेल्यांचे पैसे बुडाले हे खरे, पण गामासारख्या माणसाखाली अडीच तास काढणे ही काही गंमत नव्हे. दुसऱ्या शनिवारी, १७ सप्टेंबरला, पुन्हा कुस्ती लावली होती. गामा येऊन उभा राहिला. झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला दिला. गॉच आणि हॅकेनश्मिट या दोन सर्वांत मोठ्या नावांनाही त्याने आव्हान दिले, पण त्यांच्याशी त्याची गाठ कधी पडली नाही.

मायदेशी आल्यावर अलाहाबादेत रहीम सुलतानीवाल्याशी शेवटची कुस्ती झाली. ती गामाने जिंकली आणि रुस्तुम-ए-हिंद हा किताब निर्विवाद त्याचा झाला. रहीम तेव्हा उतारवयाला लागला होता. आपल्या मोठेपणाची साक्ष द्यायला असा प्रतिस्पर्धी लाभला, हे गामाने नेहमी मानले असे म्हणतात, आणि ते खरे असावे.

त्याच सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून घेतले. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन रंगमंडल पाहून त्यांच्या मनात ती कल्पना आली होती. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती स्वच्छ दिसावी. १९१२ साली मैदान खुले झाले तेव्हा गामाचा भाऊ इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती तिथे लावली गेली. पंजाबचे मल्ल कोल्हापूरला येत, कोल्हापूरचे मल्ल पंजाबी डाव शिकत. आपल्या आजच्या मल्लांच्या डावांतही ती देवघेव कुठेतरी मुरलेली आहे.

मग जवळजवळ सतरा वर्षे गामाला तोडीचा कोणी मिळाला नाही. मल्लाच्या आयुष्यातली ही सगळी ऐन वर्षे. झिबिस्कोची वर्षे मात्र भलतीच धामधुमीत गेली. महायुद्धात तो रशियात अडकून पडला. नंतर अमेरिकेत जाऊन १९२१ साली चाळिशी ओलांडलेली असताना त्याने विश्वविजेतेपद मिळवले. तिकडे तोवर कुस्तीचे निकाल आधी ठरवून लावण्याचा धंदा सुरू झाला होता. १९२५ साली फिलाडेल्फियात वेन मन् नावाच्या नव्या देखण्या विजेत्याकडून त्याने हरायचे असे ठरले होते. झिबिस्कोने आयत्या वेळी ठरलेले सगळे बाजूला ठेवले आणि मन्‌ला खरोखरच पुन:पुन्हा चीत केले. संयोजकांची तोंडे पाहण्यासारखी झाली असतील. त्यालाही कोणा दुसऱ्या टोळीने पढवले होते म्हणा.

जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी या दोघांना पुन्हा समोरासमोर आणले. गामा पन्नाशीच्या उंबऱ्यावर, झिबिस्कोही त्याच्या मागेपुढे. पतियाळाने खास मैदान उभारले. गाड्या भरभरून लोक आले, राजेरजवाडे आले. अठरा वर्षांचा हिशेब चुकता व्हायचा होता. या वेळी गादी नव्हती, माती होती. सलामी झाली, दोघे भिडले, आणि लोक नीट टेकून बसायच्या आत झिबिस्को पाठीवर होता. वीस सेकंद, तीस सेकंद, बेचाळीस सेकंद, सांगणाऱ्यागणिक आकडा वेगळा ऐकू येतो. एक मिनिटही झाले नव्हते यावर मात्र कोणाचे दुमत नाही. लंडनला जो माणूस अडीच तासांत उलटला नाही तो इथे उभ्या उभ्या गेला. माझा तर्क असा की या वेळी झिबिस्को खरोखर कुस्ती करायला उभा राहिला. महाराजांनी गामाला चांदीची गदा दिली, जमीन दिली, वर्षासन दिले. पुढच्या वर्षी पीटरसन नावाचा आणखी एक परदेशी मल्ल आला आणि दीड-दोन मिनिटांत परत गेला. त्यानंतर गामाच्या नावापुढे लिहावी अशी कुस्ती नाही.

निकाल लागला आणि पाहण्यासारखे काही उरले नाही, तिथे कॉमिक्स थांबते. माणसाला मात्र पुढे जगावे लागते. गामा आणखी बत्तीस वर्षे जगला.

बँकेत असताना नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतन घेणारी म्हातारी माणसे हयातीचा दाखला द्यायला येत. त्यांत एके काळचा एक मल्ल होता, कुठल्याशा खात्यात शिपाई म्हणून चिकटल्यामुळे पेन्शन मिळणारा. सही करताना त्याच्या बोटांत पेन मावत नसे. तो सांगे की तालमीतल्या त्याच्या सोबत्यांपैकी पेन्शन असलेला तो एकटाच. गामाचा विचार करताना मला तो माणूस नेहमी आठवतो. गामाला निवृत्तिवेतन नव्हते. त्याच्यापाशी राजे होते, आणि राजे जायच्या बेतात होते.

त्याला पाच मुलगे झाले आणि पाचही लहानपणी गेले. मुली राहिल्या. तालमीचा वारसा भावाच्या मुलांकडे, भोलू पहिलवान आणि त्याच्या भावांकडे गेला. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा गामा लाहोरमध्ये मोहनी रोडला राहत होता. आजूबाजूला हिंदू वस्ती होती. दंगल पेटली तेव्हा हा सत्तरीला टेकलेला म्हातारा आपले पठ्ठे घेऊन रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला, त्याने जमावाला गल्लीत शिरू दिले नाही आणि शेजाऱ्यांना सरहद्दीपर्यंत सुखरूप पोचवले, अशी हकीकत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सांगतात. ती खरी असेल तर त्याच्या सगळ्या कुस्त्यांत हीच मोठी म्हटली पाहिजे. एकही पट काढावा लागला नाही. नुसते उभे राहावे लागले.

पण त्या एका वर्षात त्याच्या पायाखालची जमीन गेली. दतिया, पतियाळा, बडोदे सगळे दुसऱ्या देशात राहिले आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांची संस्थानेही उरली नाहीत. ज्या शरीरावर तिजोऱ्या रित्या झाल्या होत्या त्याला आता हृदयविकार जडला, दमा जडला, आणि औषधाला पैसे कमी पडू लागले. ही बातमी भारतात आली तेव्हा घनश्यामदास बिर्लांनी दोन हजार रुपये पाठवले आणि दरमहा तीनशे रुपये लावून दिले. पाकिस्तान सरकारनेही मदत केली. तीनशे रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. संसार चालण्याइतकी होती. मारवाडी व्यापाऱ्याचा पैसा, लाहोरमधल्या मुसलमान पहिलवानाला, दोन देशांत आडवे रक्त सांडल्यानंतर. या व्यवहारात परताव्याची कसलीच अपेक्षा नव्हती, एवढे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगू शकतो.

२३ मे १९६० रोजी गामा लाहोरला वारला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि नागपूरकर आपल्या गेलेल्या राजधानीच्या दुःखात होते. पुढे त्याच्या मुलीची मुलगी कुलसुम नवाझ शरीफ यांची पत्नी झाली आणि पाकिस्तानच्या पंतप्रधानांच्या घरात गामाचे रक्त पोचले. पुतण्या अक्रम १९७६ साली कराचीत अंतोनियो इनोकी या जपानी मल्लाशी लढला आणि हात निकामी होऊन हरला.

आणि झिबिस्को? त्याने १९५० साली ‘नाइट अँड द सिटी’ या चित्रपटात काम केले. लंडनमध्येच घडणारी गोष्ट, आणि त्याची भूमिका एका म्हाताऱ्या, जुन्या शिस्तीच्या मल्लाची. त्यात त्याची एका तरुण गड्याशी कुस्ती आहे. ती पडद्यावर लांबत जाते आणि तिच्या शेवटी म्हातारा जिंकतो आणि दम लागून मरतो. प्रत्यक्षात तो अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या आपल्या शेतावर राहिला आणि गामानंतर सात वर्षांनी, १९६७ साली गेला.